बाबांचा दुपारचा पहारा

बाबांना दमा होता. मला समजायला लागल्यापासून मी त्यांना आडवं झोपलेलं पाहिलं नाही. भिंतीशी गोधड्यांची वळकटी लावायची, तिला पाठ टेकायची आणि बसल्या बसल्या डोळे मिटायचे, ही त्यांची झोप. वाशीमच्या शिवेवर आमचा भाजीचा मळा होता. हातात खुरपं घेऊन ते वाफ्याच्या टोकापर्यंत जात, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास गोळा करत आणि मग पुढच्या वाफ्याला लागत.

दम्याला ते जावई म्हणत. "जावई येऊन राह्यले," असं ते म्हणाले की माय चुलीवर अडुळशाचा काढा ठेवी. लोकांना ते सांगत, "सांगून येत नाही, आला का लवकर जात नाही, अन् मानपान त पुरा पाह्यजे!" खरा जावई समोर बसलेला असला तरी सांगत. मग माझी बहीण दोन दिवस त्यांच्याशी बोलत नसे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ते शिक्षण मायबाबांच्या डोक्यावरच्या भाजीच्या पाट्यांनी केलं, हे मला कधी विसरता आलं नाही. बी.ए. होऊन घरी आलो तो पहिलं काम म्हणून बाबांना मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की काळीजही आता थकलंय. धूर नको, फार वेळ उभं राहणं नको, मोठ्यानं बोलणं नको. मोठा झटका आला तर सांगता येत नाही.

त्याच आठवड्यात मारुतीच्या देवळात नामसप्ताह बसला. सात दिवस रात्रंदिवस नाम. एकानं गळ्यात वीणा घेऊन देवासमोर उभं राहायचं, दोन तासांचा पहारा झाला की ती पुढच्याच्या गळ्यात घालायची. वीणा खाली टेकवायची नाही, नाम तुटू द्यायचं नाही. दुपारचा पहारा दरवर्षी बाबांचा.

"बाबा, डॉक्टरनं काय सांगतलं?" मी विचारलं.

"उभं राहू नको म्हनलं."

"मंग?"

"नाव घेऊ नको, असं नाही म्हनलं. अन् वीना बसून घेता येत नाही, त्याले मी काय करू?"

"टाळ घ्या. बसून वाजवा."

त्यांनी पाठीमागची वळकटी सारखी केली. मग म्हणाले, "लेका, रात्री एकएक श्वास येते का नाही, पाहत बसतो मी. लय भेव वाटते. वीना गळ्यात असली का तेवढा वखत वाटत नाही. तेवढा वखत राहू दे मले."

माय म्हणाली, "जाऊ दे त्यायले."

पाचव्या दिवशी अनसिंगचा बाजार होता. बाबांनंतर ज्यांचा पहारा, ते आमचे शेजारी काका भाजीची गाडी घेऊन बाजाराला गेले होते. वेळेवर परततो म्हणाले होते. मी मळ्यातलं काम टाकून, चिखलाच्या पायांनी, बाबांना न्यायला देवळात आलो. मंडळी जेवायला गेलेली. आत फक्त बाबा आणि टाळ वाजवणारे एक म्हातारे आजोबा.

खांबावर पहाऱ्यासाठी शाळेच्या मास्तरांनी दिलेलं घड्याळ टांगलं होतं. पहारा संपून काटा बराच पुढे गेला. काका आले नाहीत.

"येईनच आता," आजोबा म्हणाले. "गाडीचं चाक-बीक अडकलं असन."

बाबांचा आवाज खाली उतरला. नामाच्या मागे छातीतली शिट्टी ऐकू येऊ लागली. गळ्याजवळची खळगी श्वासागणिक आत ओढली जात होती, नखं निळसर दिसत होती. माझ्याकडे पाहून त्यांनी हातानं नसलेल्या मिशा ऐटीत पिळल्या. जावई आले होते.

"आजोबा, तुमी घ्या ना वीना!"

"माह्ये गुडघे पाह्य पोरा. मी पडलो त वीना बी पडन."

"मंग मी घेतो."

"आंघोळ झाली का तुही?"

झाली नव्हती. बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि वीणा घट्ट धरून मान हलवली. अशा पायांनी ते ती देणार नव्हते, जीव गेला तरी नाही. मी देवळामागच्या विहिरीवर धावलो, बादली ओढली, धोतरासकट अंगावर ओतली, पुन्हा ओढली, पुन्हा ओतली आणि निथळत परत आलो. ते खांबाला टेकले होते. आवाज नव्हताच. ओठ तेवढे हलत होते, एका श्वासाला एक नाव. आम्ही दोघांनी माना वाकवल्या. वीणा माझ्या गळ्यात आली, मी नाव घेतलं, आणि मगच ते खाली बसले.

आता माझं तोंड देवाकडे, पाठ त्यांच्याकडे. विणेकऱ्यानं वळायचं नसतं. आमचं घर देवळाला लागूनच होतं; आजोबांनी मायला हाक मारली. तिच्या बांगड्या वाजल्या, आणि दम्यासाठी खापरावर जाळलेल्या धोतऱ्याच्या पानांचा कडू वास आला. धूर नको, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दुसरं काही जवळ नव्हतं. शिट्टी लांबत गेली, बारीक होत गेली. मग काहीच ऐकू येईना. मायही बोलेना. मी नाम घेत होतो, भराभर, आणखी भराभर, वळलो तर काय दिसेल या भीतीनं. रात्री भिंतीला टेकून बाबा काय ऐकत बसतात, ते मला त्या वेळी कळलं.

मग मागून खरखरीत, तुटका आवाज आला.

"हळू... हळू घे लेका. अशानं देवाले बी दम लागन."

"गप बसा ना जरासक!" माय ओरडली, आणि ओरडता ओरडता रडली. आजोबा खो खो हसत होते.

मी चाल हळू केली. बाबांचा श्वास येतो तशी, त्याच्याबरोबर. काका धुळीनं माखलेले धावत आले, आंघोळ करून पुढे झाले आणि त्यांनी मान वाकवली. मी मानेनंच त्यांना नाही म्हटलं आणि बाबांच्या श्वासाबरोबर नाम पुढे चालू ठेवलं.