ओटे पाडायचे दिवस

पेन्शनीत निघालेल्या माणसाकडे काठी, चष्मा आणि खोकला उरतो. माझ्याकडे शिवाय किस्सेही उरले. त्याला इलाज नव्हता. माणूस घरात बरा वागतो, देवळात तर फारच बरा वागतो. पण त्याच्या घराचा ओटा रस्त्यात किती आलाय हे मोजायला टेप घेऊन उभे राहा, मग तो काय बोलेल याचा नेम नाही! मी सारी नोकरी असाच लोकांच्या दारात उभा राहिलो. एक किस्सा विसरावा तोवर दुसरा तयार.

मी म्युनिसिपालिटीत ओव्हरसीअर होतो. अतिक्रमणं काढणं, पडकी भिंत दिसली की नोटीस देणं, गटारावर कुणी न्हाणीघर बांधलं तर ते हलवणं, हे आमच्या खात्याचं काम. थोडक्यात, गावात आम्हाला जेवायला कुणी बोलवत नसे.

हाताखाली दोन माणसं महत्त्वाची. एक परशराम मुकादम. गावाच्या टोकाच्या खासबागेतल्या विणकराचा मुलगा, माग सोडून हातात पहार घेतलेला. दुसरा बसवण्णी शिपाई. हा नोटिसा लावायचा. घरी कानडी बोलायचा, कचेरीत मराठी बोलायचा आणि साहेबांसमोर काहीच बोलायचा नाही.

*

आमचे नवे चीफ ऑफिसर रुजू झाले ते टांग्यातून. पेठेतला रस्ता इतका अरुंद, की समोरून बैलगाडी आली तर दोघांपैकी एकाला मागं जावं लागायचं. त्या दिवशी समोरून भाताच्या पोत्यांची गाडी आली. गाडीवान बेळगुंदी गावचा. दोघं समोरासमोर थांबले. दुकानदार दुकानं सोडून बघायला आले.

साहेब म्हणाले, "गाडी मागे घ्या."

गाडीवान शांतपणे म्हणाला, "सायेब, बैलास्नी मागं चालायची सवय न्हाय. तुमच्या घोड्याला बी न्हाय. आता कुणीतरी शाण्यानं उतराय पायजे."

साहेब उतरले आणि चालत कचेरीत आले. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. पेठेपासून खासबागेपर्यंत रस्ता रुंद करायचा आणि मधे येणारा प्रत्येक खाजगी ओटा पाडायचा!

आम्ही टेबलावर नकाशा पसरला. साहेबांनी पेन्सिलीनं रेघ ओढली. रेघ जिथं संपत होती तिथं परशरामानं बोट ठेवलं.

"सायेब, हितं आमची आई बसती."

परशरामाची आई तायाक्का. घरात भर दुपारी अंधार, म्हातारीची दृष्टी अधू; म्हणून ती उजेडाला ओट्यावर रहाट घेऊन बसायची आणि गल्लीतल्या विणकरांच्या कांड्या सुतानं भरून द्यायची. तिचं पोट त्यावर होतं. "हात चालत्यात तवर सुनंच्या ताटाकडं बघणार न्हाय," असं ती म्हणायची, आणि बघतही नसे. ओटा गेला म्हणजे उजेड गेला आणि उजेड गेला म्हणजे तिचं काम गेलं.

साहेब म्हणाले, "नियम सर्वांना सारखा."

माणूस वाईट नव्हता. त्यांना लाच चालत नसे, वशिला चालत नसे आणि विनोद कळत नसे. पहिल्या दोन गोष्टींबद्दल मला आदरच होता. पण परशरामाचं बोट नकाशावरून लवकर उचललं गेलं नाही, ते बघून मला वाईट वाटलं.

*

पाडायच्या ओट्यावर खूण हवी, म्हणून आम्ही लाल रंगाची फुली मारत निघालो. पहिल्या गल्लीतल्या फुल्या मारून झाल्या आणि दोन दिवसांनी पहारी घेऊन गेलो, तर एका घराला कुलूप. शेजाऱ्यांना विचारलं. म्हणाले, सगळी शेतात ऱ्हायला गेली.

आम्ही शोधत शेतात गेलो. तिथं झोपडी उभी, चूल पेटलेली, शेळी बांधलेली. आमच्याकडं प्लेगच्या साथीत असंच करायचे. गावात उंदीर पडले की घरांवर अशाच फुल्या पडायच्या, मग घर सोडून शेतात झोपडी घालायची. घरमालक आप्पा लांबूनच ओरडला, "जवळ येऊ नगासा! उंदीर आमच्यात पडला, का शेजारी?"

बसवण्णी म्हणाला, "उंदीर कुठला? ओटा पाडायचाय."

"निस्ता ओटा?"

"निस्ता ओटा."

आप्पानं आकाशाकडं बघून हात जोडले. लाल फुली बघून त्यानं दोन रात्री झोप घेतली नव्हती. त्याच आनंदात तो आमच्याबरोबर गावात आला, आमच्या हातातली पहार घेतली आणि आपला ओटा आपणच पाडला. वर आम्हाला गूळ दिला!

साहेबांना हे कळलं. "सगळीकडे अशीच पद्धत ठेवता येईल का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं आणि आम्ही लाल रंग सोडून पांढऱ्या चुन्याच्या फुल्या मारायला घेतल्या. मग पुढच्या गल्लीत अफवा उठली की गव्हर्नरसाहेब येणार आहेत आणि पांढरी फुली असलेल्या घरात ते चहा घेणार आहेत. ज्यांच्या ओट्यावर फुली नव्हती ते तक्रार घेऊन आले.

*

पेठेत निपाणीच्या एका तंबाखूवाल्या शेठजींचं दुकान होतं. दुकानापुढं ऐसपैस ओटा. नोटीस लागली, आणि सकाळी बघतो तर ओट्यावर शेंदूर फासलेला धोंडा, पुढं लिंबू, नारळ, उदबत्ती.

"म्हसोबा परगट झाला," शेठजी म्हणाले. "मला दृष्टांत झाला."

देवाला हात कोण लावणार? आमची माणसं चपला काढून उभी राहिली. मी परशरामाकडं बघितलं. त्यानं भक्तिभावानं नमस्कार केला आणि शेठजींना बाजूला घेतलं.

"अण्णा, देव लई कडक दिसतोय. ह्याला हलवायचा म्हंजे बकरं द्यायला लागतं. ज्याच्या दारात परगट झाला त्यानं द्यायचं. आमची धा-बारा माणसं हायती, ती परसाद घेतील. आन् दर अमावास्येला द्यायचं, खंड न्हाय."

शेठजी शाकाहारी होते. दुसऱ्या दिवशी गेलो तर ओटा स्वच्छ धुतलेला.

"देव कुठं गेला?" मी विचारलं.

"आला तसा गेला," शेठजी म्हणाले. "त्यांची मर्जी."

ओटा पाडताना एक गिऱ्हाईक मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "मुकादम, लोकांचं पाडतोस. तुझ्या आईचा कवा?" परशरामानं पहार खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि काम चालू केलं. हा प्रश्न त्याला रोज कुणीतरी विचारायचं.

*

आमचं गाव इंग्रजांच्या अमलात, पण त्याला लागूनच असलेलं शहापूर तेव्हा संस्थानी मुलखात. एका ठिकाणी आमची हद्द आणि संस्थानची हद्द रस्त्याच्या मधूनच जायची. तिथं एक घर होतं. घर आमच्यात, ओटा आमच्यात. पण ओट्याच्या पायऱ्या पार रस्त्यात उतरलेल्या, म्हणजे संस्थानात!

आम्ही ओटा पाडला. पायऱ्यांना पहार लावणार तोच मालक आडवा आला. "पायऱ्या संस्थानाच्या हायती. हात लावलासा तर दोन सरकारांची भांडणं लागतील."

साहेबांनी नियम बघितला. मालक बरोबर होता. आम्ही संस्थानच्या कारभाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं, की चौकशी चालू आहे. ती अजून चालू असेल.

झालं असं, की रस्त्याच्या मधोमध पाच-सहा पायऱ्या उभ्या राहिल्या. वर चढलं की पुढं काही नाही. मालक मात्र हट्टानं त्या चढायचा, वरून उडी मारायचा आणि घरात जायचा.

मग एक दिवस प्रभातफेरी आली. पुढाऱ्याला बोलायला उंच जागा हवी होती. तो पायऱ्या चढला आणि इंग्रज सरकारला यथेच्छ नावं ठेवली. आमच्या हद्दीतले पोलीस हातभर अंतरावर उभे. पण पायऱ्या संस्थानात! जमादार खालून म्हणाला, "जरा पुढं येऊन बोला की." पुढारी म्हणाला, "हितनं आवाज चांगला जातोय."

पुढं दर आठवड्याला सभा होऊ लागली. सरकारनं पैसा घातला, आम्ही घाम गाळला, आणि सरकारला शिव्या द्यायला पक्कं दगडी व्यासपीठ तयार झालं.

*

मग आम्ही विणकरांच्या वस्तीत शिरलो. सकाळची वेळ. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, ताणलेला. सुताला खळ लावलेली. ती वाळेपर्यंत सूत ताणून धरावं लागतं. ताण ढिला झाला की धागे चिकटतात आणि कित्येक साड्यांचं सूत वाया जातं. तो ताणा ओलांडून कुणी जात नाही. परशराम तर विणकराचाच पोरगा. तो पहार खांद्यावर टाकून भिंतीला टेकला.

साहेब पाहणीला आले. "सार्वजनिक रस्त्यावर अडथळा!" ते म्हणाले. "कोण आहे मालक?"

ताण्याच्या टोकाची काठी धरून एक विणकर उभा होता. त्यानं साहेबांकडं नीट बघितलंही नाही. ताण्यापाशी जो येईल त्याच्या हातात काम द्यायचं, ही तिथली रीत.

"हे धरा जरा. खळ संपली, घिऊन येतो. ढिलं सोडू नगासा!"

आणि गेला. साहेबांच्या हातात काठी. गल्लीतली सगळी माणसं ओरडू लागली, "ताणून धरा! मागं व्हा! आणि मागं!" साहेब मागं मागं होत गेले. विणकर खळ घेऊन आला, पण काठी परत घ्यायला त्याला सवडच झाली नाही. तो ब्रश फिरवत तिकडच्या टोकाला निघून गेला. सूत वाळेपर्यंत साहेब उभे होते. कोटावर खळीचे शिंतोडे, तोंडावर ऊन.

सुटल्यावर त्यांनी बसवण्णीला बोलावलं. "नोटीस लिही. रस्ता अडवल्याबद्दल."

बसवण्णीनं दौत उघडली, टाक बुडवला आणि साहेबांसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"सायबा, काठी धरलेल्याचं नाव घालायचं असतंय. काय घालू?"

*

शेवटी खासबाग आली. त्या दिवशी मला ताप आला असता तर मी देवाचे आभार मानले असते.

तायाक्का ओट्यावर बसली होती, रहाट चालू होता. गल्ली जमली होती. साहेब मुद्दाम हजर; मुकादमाच्या घराला वेगळा न्याय मिळतोय असं कुणी म्हणायला नको. परशराम पहार घेऊन उभा, मान खाली.

तायाक्कानं रहाट थांबवला. "परशा, पुढं हो. काम हाय ते. लाजतोस कशापाय?" ती स्वतःच उठली, कांड्यांची पाटी बाजूला ठेवली. मग ती साहेबांकडं वळली.

"सायेब, एक इच्यारू?"

"विचारा."

"त्यो समोर गुरांचा हौद हाय, त्यो माझ्या ओट्याहून म्होरं आलाय. त्यो न्हाय पाडत?"

"तो म्युनिसिपालिटीचा आहे. सार्वजनिक उपयोगाचा आहे. तो राहतो."

"म्हंजी तुमचा असला की ऱ्हातोय?"

"म्युनिसिपालिटीचा असला की राहतो."

"मग ह्यो बी घ्या की. दिला तुमास्नी."

साहेबांनी हौदाकडं बघितलं, ओट्याकडं बघितलं. "याचा सार्वजनिक उपयोग काय?"

"वाटंचा माणूस टेकतोय. म्हातारी-कोतारी बसत्यात. दुपारी तुमचा शिपाई झोपतोय."

बसवण्णी आभाळाकडं बघू लागला. नियम सोडणं साहेबांना जमत नसे, मग तो कुणाच्याही बाजूनं असो.

"ओव्हरसीअर," ते म्हणाले, "ओटा ताब्यात घ्या."

"आता मी बसू का न्हाय?" तायाक्कानं विचारलं.

"सार्वजनिक ओटा आहे. कुणीही बसावं."

ती बसली. रहाट फिरू लागला. परशराम पहार घेऊन तसाच उभा होता, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते बघून मी उगाचच टेप गुंडाळू लागलो. दुसऱ्या दिवशी अख्खी पेठ ओटे दान करायला कचेरीत आली. पण त्यांचे ओटे पाडून झाले होते.

दसऱ्याच्या आधी तायाक्का स्वतः कचेरीत आली, ती थेट साहेबांच्या खोलीत.

"सायेब, तुमचा ओटा उखणलाय. पोपडं निघाल्यात. मला बसवत न्हाय. सारवाय माणूस लावून द्या."

साहेबांनी मला बोलावलं. गावातली पडकी-उखणलेली बांधकामं बघणारं खातं माझं. तेव्हा तक्रार माझ्यावरच होती. मी परशरामाला पाठवलं, आणि काम नियमाप्रमाणं झालं का ते बघायला मागोमाग गेलो.

परशराम बाह्या सारून, शेणाची पाटी घेऊन ओटा सारवत होता. तायाक्का कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"सरकारी काम हाय म्हणून उरकू नगंस रं," ती म्हणत होती. "त्यो कोपरा ऱ्हायला बघ!"