संपतचं दुसरं इंजिन

एका माणसाचं काम मी अर्ध्यावर थांबवलं.
तो माणूस काल सकाळी गेला.

संपत. पलूसजवळच्या एका गावचा.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं सांगलीत शिकत होतो. तो कॉम्प्युटर, मी मराठी.
तेव्हा आम्ही एक गेम केला होता. कुस्तीचा.
आज सांगितलं तर लोक हसतात. तेव्हाही हसायचेच.

गावी त्याच्याकडे मशीन नव्हतं. आठवडाभर तो वहीत कोड लिहायचा. रविवारी सांगलीच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तासाच्या भाड्यानं मशीन घ्यायचं, मी वही वाचायची, त्यानं टाइप करायचं.
कंस सुरू. कंस बंद. अर्धविराम.
मला त्यातलं काही कळत नसे. पण एखादा कंस सुटला तर तो आधी माझ्याच लक्षात यायचा.

कुस्ती चालू असताना पडद्यावर निवेदकाची वाक्यं येत. ती माझी.

गेम फ्लॉपीवरून फिरला. इस्लामपूर, कराड, साताऱ्यापर्यंत. मग पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला दुसरा भाग हवा होता, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी.

संपतच्या वडिलांनी साखर कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.
"उन्हाळ्यापर्यंत बघ. न्हाईतर गप कारखान्यात चिकट."
त्याला कारखान्यात जायचं नव्हतं. त्याला गेमच करायचे होते.

दुसरा भाग सुरू करण्याआधी त्यानं गावच्या तालमीतल्या वस्तादांना सांगलीला आणलं. पहिला भाग दाखवायला.
वस्तादांनी चपला क्लासबाहेर काढल्या. फिरत्या खुर्चीवर जपून बसले.
संपतनं कुस्ती लावली.

"सलामी कुठं हाय?"
"आवं वस्ताद, ह्यात थेट कुस्तीच सुरू हुती."
"हात न मिळवता?"
"व्हय."
"मग ही मारामारी हाय. कुस्तीचं नाव कशाला दिलं?"

आणि ते चहाला गेले.

संपतनं तीच कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लावली.

गेमच्या आतली यंत्रणा, म्हणजे माणूस हलतो कसा, कोण कोणाला लागलं की काय होतं, त्याला इंजिन म्हणतात. हा शब्द संपतनं एका इंग्रजी मासिकातून उचलला होता. आमच्या इंजिनला एकच नियम माहीत होता. दोन पैलवान एकमेकांना लागले की एकाची ताकद कमी झाली पाहिजे.
नुसता हात लावणं त्याला समजत नव्हतं.

"सगळं नवं लिवायला पायजे," संपत म्हणाला.
"सगळं?"
"मुळापासनं."
"अरे, जुनंच वापर. पैलवान बदल, आखाडे बदल. सलामीचं एक चित्र टाकू सुरुवातीला."
"चित्रात हात मिळत न्हाईत, गड्या."
"वस्ताद फ्लॉपी विकत घेणार आहेत का?"
"वस्ताद फुकट दिली तरी न्यायचे न्हाईत," तो हसून म्हणाला. "म्हणूनच."

तो लिहीत राहिला. तीन महिने. चार वह्या.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पडद्यावर दोन पैलवान जवळ आले. हात मिळवले. मागे सरले.
ताकद कोणाचीच कमी झाली नाही.

"बघ," तो म्हणाला.

मी बघितलं. पण मला दिसत होतं ते राहिलेलं. नव्या इंजिनात अजून एकही डाव नव्हता.

त्या आठवड्यात व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला. सुट्टीआधी होतंय, म्हणालो.

संपतला विचारलं नाही. जुन्या इंजिनची फ्लॉपी घेतली आणि पुण्याची एसटी धरली. व्यापाऱ्याच्या माणसानं पैलवानांच्या लांगांचे रंग बदलले, नावं बदलली, सुरुवातीला सलामीचं चित्र टाकलं. मी नवी वाक्यं लिहून दिली.
संपतचं नाव माझ्या नावाच्या वर घातलं. वाटलं, एवढ्यानं भागेल.

इस्लामपूरच्या एका क्लासमध्ये त्यानं तो गेम चालताना पाहिला. संध्याकाळी माझ्या खोलीवर आला. मी उत्तरं तयार ठेवली होती.

"वेळेत झालं न्हवं?"
"झालं."
"बरं झालं."

उठता उठता म्हणाला, "मग माझ्याचं काय करायचं आता?"

तो चहा न घेता गेला.

दुसरा भाग चालला नाही. पोरं म्हणाली, हा तर तोच आहे. व्यापाऱ्याचा फोन नंतर आला नाही.
जूनमध्ये संपत कारखान्यात लागला.

पुढे मी साताऱ्याला शिकवायला लागलो. लग्नकार्यात, जत्रेत भेटायचो. "काय प्राध्यापक, लय दिवसांनी," म्हणायचा. पोरांची चौकशी करायचा. गेमचा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही नाही. माझी सोयच होती त्यात.

काल सगळं आटोपल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे नेहमी सांगायचे, तुमचंच बरोबर होतं. नवं वेळेत झालंच नसतं. तुम्ही केलं म्हणून नाव तरी लागलं."

भरल्या घरात मी नुसती मान डोलावली.

वहिनी, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहितोय.

वेळेत झालं नसतं, हे खरं आहे.
पण ती वेळ त्यानं कबूल केली नव्हती. मी केली होती. "अजून सहा महिने लागतील" एवढं सांगायला एक फोन पुरला असता. व्यापारी नाही म्हणाला असता, किंवा हो म्हणाला असता. मी विचारलंच नाही.
कारण मला माझी वाक्यं पडद्यावर बघायची घाई झाली होती.

हे त्याला माहीत होतं का, मला माहीत नाही. तो कधी बोलला नाही. त्यानं तुम्हाला सांगितलं ते मला सांभाळून घ्यायला होतं.

संपत, तुझं बरोबर होतं.

जा म्हणवत नाही. ये आता, गड्या.