खिडकीला अनुदान नाही

बिबवेवाडीतल्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या दुकानात ते मला एकदाच भेटले. सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, आणि वैतागले की चष्मा काढून पुसणारे. ऊन अडवणाऱ्या दुहेरी काचेच्या खिडक्यांना सरकारी अनुदान मिळतं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं.

"काका, ते परदेशातलं असेल. आपल्याकडे सोलरला मिळतं," दुकानदार म्हणाला.

"प्रत्येक कचेरीत हेच ऐकलं," ते चष्मा पुसत म्हणाले. "अहो, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्ची सोसायटीची, माझी फक्त खिडकी. ऊन तिथूनच आत येतं, हे सरकारला कोणी कळवायचं?"

दुकानदार हसला. ते हसले नाहीत. पश्चिमेच्या खोलीत त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली होती. एसी लावला की तिचे सांधे आखडायचे आणि बंद केला की जीव घाबरा व्हायचा, असं त्यांनीच सांगितलं. ऐकताना माझीच चिडचिड होत होती. सगळ्या घराच्या खिडक्यांचा खर्च त्यांना झेपणार नव्हता.

"एकच बसवा, तिच्या खोलीची," शेवटी ते म्हणाले. "माझं काय, उकडलं तर मला उठून जिन्यात बसता येतं."