विसरण्यात पटाईत आबा

लासुर्ण्याच्या आबांइतक्या सफाईने विसरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा बारामतीत एका संस्थेत नोकरीला होते. साठी ओलांडलेल्यांना ब्राह्मीच्या गोळ्या द्यायच्या आणि त्यांची स्मरणशक्ती आणि मनःस्थिती सुधारते का ते पाहायचं, असं काम. दर पंधरा दिवसांनी एसटीने जायचं, तेच दहा शब्द वाचून दाखवायचे आणि चहा झाल्यावर पुन्हा विचारायचे. आबांना फक्त 'विहीर, आरसा' एवढंच आठवायचं. "बाकीचं पाटाच्या पाण्यासंगं गेलं बघ," म्हणायचे.

हेच आबा कोणत्या साली कोणत्या रानात कोणता ऊस होता, ते बांधाबांधाने सांगत. आजी गेल्या होत्या, मुलगा पुण्यात; चहा ते स्वतःच करत. मला साखर कमी लागते, हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिथंच मला शंका यायला हवी होती. पण मी पडले तक्ते भरणारी.

शेवटचा प्रश्न मनाचा असे. "आबा, एकटं वाटतं का?"

"न्हाय." दर खेपेला न्हाय.

शेवटच्या दिवशी मी सांगितलं की गोळ्या संपल्या, आता माझं येणं नाही. तशी आबांनी पहिल्या दिवशीचे दहाच्या दहा शब्द ओळीने म्हणून दाखवले.

"बरा झालो म्हनलं असतं, तर तुजं येणं तवाच बंद झालं असतं की!"

"आणि एकटं वाटत नाही म्हणायचात, ते?"

"तू इचारायचीस, तवा तू हितंच असायचीस. मग काय सांगू?"

मी चिडले. माझे सगळे तक्ते मातीत गेले होते. त्या चिडण्याची आज लाज वाटते. निघताना मी "येईन" म्हणाले आणि दोन वर्षं फिरकले नाही. ब्राह्मीने त्यांचं काही भलं झालं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. आबा ओट्यावर बसले होते. "कोण पायजे?" म्हणाले. यांचं नाटक सुरू झालं, असं वाटून मला हसू आलं. मी समोर बसून म्हणायला लागले, "विहीर, आरसा..."

आबांनी नीट ऐकून घेतलं. "कुणाची गं तू?"

आतून त्यांचा मुलगा आला. तो आता गावी परतला होता. "वरीस झालं ताई," तो म्हणाला, "आमालाबी वळखत न्हाईत."

तरी मी उठले नाही. आबा आता हसतील, मग हसतील, म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले. माझी एसटी निघून गेली.