मैदानाच्या मधोमध थांबलेला नागेश

रविवारी सकाळी मी इडलीचं पातेलं उतरवत होते, तेव्हा मुनिराजू दारात आला. माझ्या धाकट्या भावाच्या, नागेशच्या फुटबॉल संघाचा हा गोलकीपर. अंगात खेळाचेच कपडे, गुडघ्यांना माती. "अक्का, जरा बसा," म्हणाला आणि स्वतःच मटकन उंबऱ्यावर बसला. नागेशने मैदानावरच प्राण सोडला होता... महिना उलटून गेला, तरी रविवारी माझ्या हातून दोघांच्या इडल्या होतात. त्याची बायको फार लवकर गेली, मी लग्न केलं नाही. चामराजपेटेतल्या या घरात आम्ही दोघंच होतो.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कापडाचा धंदा. नागेशला मात्र फुटबॉलमुळे कारखान्यात नोकरी लागली. वडील म्हणायचे, "लाथा मारून पगार आणणारा आपल्यात हाच पहिला." तरुणपणी तो नुसता पळायचा. मग एका सामन्यात चेंडू सारा वेळ समोरच्यांकडेच राहिला. त्यामागे धावून धावून नागेशचा संघ इतका दमला, की शेवटी उभ्या उभ्या गोल खाल्ले. घरी येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसला. मग म्हणाला, "अक्का, चेंडू आपल्याकडे असला की आपण हवं तेव्हा पळायचं. नसला की समोरचा पळवेल तसं. सगळा दम त्यातच जातो बघ."

तिथून त्याचा खेळ बदलला. आपली माणसं धापा टाकू लागली की तो चेंडू मागून घ्यायचा, मैदानाच्या मधोमध त्यावर पाय ठेवून उभा राहायचा आणि तळवा वर करून कानडीत म्हणायचा, "स्वल्प ताळ्री." जरा धीर धरा. समोरचा अंगावर आला की जवळच्याला चेंडू द्यायचा, परत घ्यायचा, पुन्हा उभा. तेवढ्यात संघाला श्वास मिळायचा. कारखान्याने नेमलेला एक तरुण प्रशिक्षक गळ्यात स्टॉपवॉच अडकवून यायचा. त्याला हे बघवत नसे. "हे फुटबॉल आहे की बसस्टॉप?" असं त्याने एकदा सगळ्यांसमोर विचारलं. नागेश हसून म्हणाला, "सर, बस येईपर्यंत पळत राहायचं का?" जिभेच्या बाबतीत तो माझाच भाऊ होता.

पुढे केस पिकले, स्पर्धा सुटल्या, रविवारचा खेळ तेवढा उरला. तिथे तर नागेश थांबला की दोन्ही बाजू थांबू लागल्या. कुणी कमरेवर हात ठेवून उभं राही, कुणी बुटाची नाडी बांधे. ती सगळ्यांचीच सुट्टी होऊन बसली होती.

त्या रविवारीही तो असाच थांबला. पाय चेंडूवर, तळवा वर. नेहमीप्रमाणे सगळे थांबले. मग तो चेंडूवर बसला, तेव्हा म्हणे दोघेतिघे हसले. तो आडवा झाला तेव्हा कुठे त्यांना कळलं.

मुनिराजूकडून हे तुकड्यातुकड्यांत ऐकलं आणि मला राग आला. फार राग आला. भोवती इतकी माणसं, आणि एकालाही समजू नये? डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी फरक पडला नसता. पण माझं मन ते ऐकेना. तेराव्याला संघातली माणसं आली, तर मी कुणाशी बोलले नाही. नंतर ती आमच्या गल्लीतही फिरकली नाहीत.

पंधरवड्यापूर्वी मुनिराजू एकटाच आला. बराच वेळ घुटमळला. "अक्का, तेव्हापासून कुणी खेळलेलं नाही. तुम्ही म्हणालात तर पुन्हा सुरू करू. नाही म्हणालात तरी सरी, ठीक आहे."

नाहीच म्हणायचं होतं मला. ओठांवर आलंही होतं. पण तोंडून निघालं, "त्याचा चेहरा कसा होता रे तेव्हा?"

"रोजच्यासारखा, अक्का. म्हणून तर आम्ही..." त्याने बाहीने डोळे पुसले. मीही मग पदर डोळ्यांना लावला. नागेश गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले, तेही ज्याच्यावर रागावले होते त्याच्यासमोर. तो निघाला तेव्हा म्हटलं, "जा, खेळा."

गेल्या रविवारी मी स्वतः बघायला गेले. झाडाखाली एकाने खुर्ची आणून ठेवली. खेळ सुरू झाला आणि सगळे पळत सुटले. धाप लागली तरी पळत होते. अखेर एका जाड्या गृहस्थाला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. त्याने त्यावर पाय ठेवला आणि तो उभा राहिला.

तसे दोन्ही संघ त्याच्याकडे धावले. "एन आय्तु? काय झालं?" कुणी त्याच्या छातीला हात लावला, कुणी त्याला धरून खाली बसवलं, एक जण पाणी घेऊन आला. तो बिचारा सांगत होता, "काही नाही रे, दमलो फक्त."

खेळ पुन्हा सुरू झाला. त्यानंतर कुणी थांबलं नाही. पाय ओढत, तोंडाने श्वास घेत, ती सगळी वयस्क माणसं शेवटच्या शिट्टीपर्यंत पळत राहिली.