पुतळीमावशीची भवानी

पुतळीमावशी झाईहून येते. उजाडायच्या सुमारास टेम्पोतून बोर्डी नाक्यावर उतरते, माशांची पाटी एकटीच खाली घेते आणि पिंपळाखाली वाटे लावायला बसते. मी एकदा पाटीला हात द्यायला गेलो होतो. पाटी हलली नाही, मी हललो. तेव्हापासून मी समोरच्या माझ्या मोबाइलच्या दुकानात बसूनच तिला मदत करतो, म्हणजे बघतो.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. बोंबलांचे वाटे ती असे लावते की कुठलाही वाटा दुसऱ्यापेक्षा मोठा आहे असं म्हणायची सोय नाही. मग पदर खोचते, समुद्राच्या दिशेने एकदा हात जोडते आणि भवानीची वाट बघते. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती सगळेच दुकानदार मानतात, मीसुद्धा पहिल्या रिचार्जचे पैसे डोळ्यांना लावतो. पण मावशीची भवानी वेगळी. पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस होऊन जो भाव ठरेल, तोच तिचा त्या दिवसाचा भाव. नंतर कोणी का येईना, आमदार असो की हमाल, एक रुपया वर नाही, एक रुपया खाली नाही.

हा नियम तिच्या सासूचा, सुकीबायचा. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, नियम अजून रोज पाटीबरोबर टेम्पोतून उतरतो. "सासू बोलायची," मावशीने मला एकदा सांगितलं, "दोन गिऱ्हाइकं दुपारी शेजारी शेजारी जेवायला बसली, नि एकाला कळलं की दुसऱ्याला तोच वाटा स्वस्त पडला, तर ती दोघं आपसात नाय भांडणार. दोघं मिळून तुला शिव्या देतील."

अर्थशास्त्र मी बारावीला घेतलं होतं. एवढं स्वच्छ काही त्यात नव्हतं.

तर असं हे पहिलं गिऱ्हाईक सगळ्या गावाच्या वतीने भांडायचं. आणि आमच्या वतीने भांडायला कविताताई होती. अंगणवाडीत शिकवते, आवाज बारीक, जीभ कोयत्यासारखी. मावशी दोनशे म्हणायची. ताई शंभर म्हणायची. मग अंगणवाडीच्या पोरांपासून मावशीच्या जावयापर्यंत सगळे त्या वादात येऊन जायचे, ताई दोनदा निघून जायची, दोनदा परत यायची आणि सव्वाशेला वाटा सुटायचा. आम्ही बाकीचे लांबून विचारायचो, "ताई, कितीला आणलं?" आणि शांतपणे रांगेत उभे राहायचो.

मग दिवाळीनंतर वॉल्टर आला.

वॉल्टर बेल्जियमचा. तिकडे ट्राम चालवायचा, आता पेन्शनीत आहे. आधी हिवाळे गोव्यात काढायचा. तिथलं भाडं पेन्शनीच्या वर गेलं, तेव्हा नकाशावर बोट ठेवून किनाऱ्या-किनाऱ्याने वर सरकत तो बोर्डीला पोचला आणि चिकूच्या वाडीतलं मागचं घर भाड्याने घेऊन राहिला. मोबाइलमध्ये सिम टाकायला माझ्याकडे आला तेव्हा माझ्या इंग्रजीची आणि त्याच्या संयमाची ओळख झाली. इथे राहायला महिन्याला किती लागतं हे त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखवलं: घर, वीज, पाणी, भाजी, मासे, नारळ, रिक्षा. सगळं मिळून त्याच्या गावच्या नुसत्या घरभाड्याच्या आत. हे सांगताना त्याचे डोळे देवळात आल्यासारखे झाले होते.

त्याला कोणी सांगितलं नाही की आकडा आम्हालाही देवळात आल्यासारखाच वाटला, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट दुप्पट होती. रिक्षावाला रघ्या घोलवड स्टेशनाचे त्याच्याकडून जे घ्यायचा त्यात मी वापीला जाऊन जेवून आलो असतो.

पण पुतळीमावशीने त्याला फसवलं नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वॉल्टर पहाटे किनाऱ्यावर चालायला जायचा आणि उजाडताना परत यायचा, कविताताईच्या बराच आधी. पहिल्या दिवशी त्याने बोंबलांकडे बोट केलं. मावशी म्हणाली, "दोनशे." जे ताईला सांगायची तेच. वॉल्टरने दोनशेची नोट काढली, दोन्ही हातांनी दिली, मान लववली आणि वाटा घेऊन गेला.

मावशी नोट हातात धरून बसून राहिली. "झालं?" तिने मला विचारलं.

झालं. त्या दिवशी बोंबील दोनशे.

कविताताई आली, भाव ऐकला, हसली. मग मावशी हसत नाही हे तिच्या लक्षात आलं. "गोऱ्याच्या भावाने मी बोंबील खाऊ?" ताई म्हणाली, आणि पलीकडे बसणाऱ्या बारकीकडे गेली. बारकीचा माल दुय्यम आणि तोंड तिखट, पण तिला सासूचा नियम नव्हता. ताईच्या मागे दुसरे गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताई लवकर आली, तर वॉल्टर वाटा घेऊन माझ्या दुकानासमोरून चालला होता. तिने मग यायचंच सोडलं. आठवडाभरात पिंपळाखाली अशी अवस्था झाली की पाटी दुपारी अर्धी भरलेली परत झाईला जायची आणि उरलेले बोंबील वाळत पडायचे. ओल्याची किंमत सुक्याला येत नाही. पण मावशीला खुपत होतं ते वेगळं. वीस-पंचवीस वर्षं जोडलेली गिऱ्हाइकं तिच्या समोरून, मान दुसरीकडे करून, बारकीकडे जात होती.

मी उपाय सुचवला. "मावशी, त्याला सुरुवातीलाच सव्वाशे सांगा ना."

"का? तो लंगडा हाय?"

"नाही, पण…"

"कवितेला दोनशे नि त्याला सव्वाशे? मग कविता काय बोलेल? सगळ्यांना एकच सांगते मी. पुढे ज्याचं तोंड."

"मग नियम सोडा. त्याला दोनशे, बाकीच्यांना सव्वाशे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काउंटरवरचे चार्जर नीट लावायला लागलो.

"मग त्याला सांगा उशिरा यायला."

"भवानीचं गिऱ्हाईक परतवायचं? तुझ्या दुकानात कोण येत नाय ते उगाच नाय."

शेवटी मीच वॉल्टरला समजावलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्याच्या गावात मासळीची एक ताटली कितीला मिळते हे मला माहीत आहे का? एवढ्याशा रकमेसाठी एका गरीब बाईशी हुज्जत घालायची त्याला लाज वाटते. भला माणूस. त्याच्या लाजेची किंमत तेवढी अख्खं बोर्डी भरत होतं.

हे मी मावशीला भाषांतर करून सांगितलं. 'गरीब' शब्द गाळणार होतो, पण निसटला.

दुसऱ्या दिवशी वॉल्टर आला तेव्हा तिने वाटा उचलूच दिला नाही. "बस," म्हणाली. तो पाटावर बसला, गुडघे कानापर्यंत आले. मग मला हाक मारली, "नव्या, इकडे ये. मी बोलते ते जसंच्या तसं सांग त्याला. गोड करू नको."

तिने त्याला भाव करायला शिकवायला घेतलं. माशाकडे आधी असं बघायचं की त्याने तुझे पैसे बुडवलेत. भाव ऐकून हसायचं. निम्मा सांगायचा. मग निघून जायचं आणि मागे बघायचं नाही. वॉल्टर निघाला, चार पावलांवर वळला आणि 'सॉरी' म्हणाला. पुन्हा निघाला, आता मला सॉरी म्हणाला. पलीकडून बारकी ओरडली, "पुतळे, त्याला आधी रडायला शिकव, मग भांडायला." रघ्या रिक्षातून उतरून हसायला आला. वॉल्टर लाल झाला, खिशातून दोनशे काढले आणि पुढे धरले.

मावशीने नोट घेतली नाही.

"सांग त्याला," ती म्हणाली, आवाज न चढवता. "हा माझ्याशी बोलत नाय. रोज येतो, पैसे टाकतो, मान हलवतो नि जातो. देवळाच्या पायरीवर बसलेल्यापुढे टाकतात तसं. मी मागायला नाय बसली इथे, विकायला बसलीय. कविता मला काय काय बोलते, माझा जावई काढते. पण ती मला माझ्या बरोबरीची धरते म्हणून बोलते. ह्याला मी कोण वाटते?"

मी सांगितलं, जसंच्या तसं, माझ्या इंग्रजीत जेवढं मावेल तेवढं. वॉल्टरने नोट हळूच खिशात घातली. आणि काही न घेता तो गेला. मावशीने परत बोलावलं नाही. भवानीचं गिऱ्हाईक रिकामं गेलं होतं आणि मला वाटलं, आता दोन्हीकडून गेली. गावही गेलं, गोराही गेला.

पुढचे काही दिवस तो पिंपळाखाली फिरकला नाही. भवानी करायचे ते वाट चुकलेले पर्यटक, तेही सांगितले दोनशे टाकून जायचे. पण गावात मात्र भलतंच सुरू झालं. रघ्या माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "घोलवडचे साठ बोलला मला. मी 'नाय' बोललो, तर उतरून चालायला लागला. स्टेशनापर्यंत चालत! मी मागे मागे रिक्षा घेऊन." नारळवाल्याशी झालं. भाजीवालीशी झालं. घरमालकिणीने तर निरोप पाठवला, "पुतळीला म्हणावं, हा काय रोग लावलास त्याला?" वॉल्टर नाक्यानाक्यावर सराव करत होता.

मग एका सकाळी तो आला. मी नुकतं शटर वर केलं होतं. मावशीने वाटे लावले होते, हात जोडले होते.

वॉल्टरने बोंबलांकडे पाहिलं. असं पाहिलं, की त्यांनी त्याची ट्राम चोरली असावी.

"दोनशे," मावशी म्हणाली.

तो हसला. "पन्नास," म्हणाला, मराठीत.

"पन्नासला डोकी मिळतील. एकशे ऐंशी."

त्याने वाकून एक बोंबील उचलला, कल्ला उघडून बघितला, खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "काल."

"काय?"

"मासा. काल."

मावशी उभी राहिली. पाटी रिकामी व्हायच्या आधी तिला उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बारकीने सुरी खाली ठेवली. पुतळीमावशीच्या मालाला कालचा म्हणायची हिंमत कविताताईनेही केली नव्हती. पुढे मावशी जे बोलली त्यात मराठी होतं, गुजराती होतं आणि झाईचं स्वतःचं काहीतरी होतं, मी भाषांतर करायचा विचारही केला नाही. लागलंच नाही. वॉल्टर फ्रेंच की काय त्यात परत बोलत होता, हात उडवत होता, आणि अधेमधे मराठी आकडे येत होते. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघेही बरोबर मुद्द्याला उत्तर देत होते. एकशे साठ. साठ. दीडशे. नव्वद. मी दुकानाच्या पायरीवर तसाच उभा.

एकशे तीसवर मावशी थांबली. वॉल्टर वळला आणि चालायला लागला. सलूनसमोरून गेला. वडापावच्या गाडीसमोरून गेला. सुरूच्या झाडांकडे रस्ता वळतो तिथपर्यंत गेला. मागे बघितलं नाही.

"ए वाल्टऱ्या!"

तो थांबला, पण वळला नाही. हे तिने शिकवलं नव्हतं, हे त्याचं स्वतःचं.

"एकशे दहा. घेऊन जा नि तोंड काळं कर."

तो आला. दोनशेची नोट दिली आणि नव्वद रुपयांसाठी हात पुढे करून उभा राहिला. मावशीने एक एक नोट मोजून दिली. मान लववली ती या वेळी तिने, अगदी थोडी, आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

तो गेल्यावर मी रस्ता ओलांडला. "मावशी, एकशे दहाला तुम्हालाच पडत नसतील."

"नाय पडत."

"मग आता सव्वाशे सांगा. लोक इतके दिवस दोनशे ऐकतायत, सव्वाशेला नाचत येतील. तो गेला, बारकीला एवढ्या लांबून आकडा ऐकू आलेला नाही. कळणार कोणाला?"

"मी होती ना इथे," ती म्हणाली आणि पाटीवर पाणी शिंपडायला लागली.

मी परत येऊन काउंटरमागे बसलो. गल्ला उघडला, उगाच, आणि बंद केला.

पहिला रघ्या आला. "किती आज?"

"एकशे दहा."

रघ्या दोन वाटे घेऊन बोलत सुटला, आणि रघ्या बोलत सुटला की गोष्ट रिक्षाने फिरते. गिऱ्हाइकं पिंपळाखाली येऊ लागली, आधी एकेकटी, मग घोळक्याने, ओशाळी होऊन, मुलाबाळांची चौकशी करत. प्रत्येकाला मावशी तेच सांगत होती, त्याच आवाजात. प्रत्येक वाट्याबरोबर तिच्या पदरचे काही जात होते, आणि ती वाटा तसाच भरघोस उचलून पिशवीत टाकत होती, जसा दोनशेला टाकला असता. बारकीने सगळ्यांना ऐकू जाईल अशी शिवी घातली आणि स्वतःचा भाव शंभर केला. तिच्याकडे कोणी गेलं नाही.

सगळ्यात शेवटी कविताताई आली, अजिबात घाई नसल्यासारखी चालत.

"एकशे दहा?"

"एकशे दहा."

"मी एवढा खाली कधी आणला नाही."

"तू कधी माझ्या मालाला कालचा नाय बोलली."

ताईने चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. "असं बोलला? आणि तुम्ही जिवंत सोडलात?" मग पिशवी पुढे करत म्हणाली, "भवानी आता त्याचीच राहू दे, मावशी. मलाही सकाळी डबा नीट करता येईल."

"राहू दे कसं? त्याला रोज असं करू दिलं तर माझी पाटी विकून खायची पाळी येईल." मावशीने शेवटचे दोन वाटे एकत्र करून तिच्या पिशवीत ओतले, पैसे दोन्हींचे मोजून घेतले. "तू ये. तोंड धुवून ये, नाय धुवून ये, पण त्याच्या आधी ये. मला सव्वाशेवालं गिऱ्हाईक पाहिजे."

पाटी उन्हं चढायच्या आत रिकामी झाली होती. मावशीने ती नळावर धुतली, उलटी झटकली आणि डोक्यावर घेऊन टेम्पोकडे निघाली. टेम्पोवाल्याने भाडं सांगितलं. ती त्याला निम्मं सांगून झाईच्या रस्त्याने चालायला लागली. मागे बघितलं नाही.