तीन केसपेपर, चार मुली

त्या दिवशी मुली तीन आल्या होत्या की चार, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. त्या तारखेचे केसपेपर तीनच सापडले. आमच्या सौभाग्यवतींचं मत असं की, "तुम्हाला किस्सा आठवला की त्यात माणसं वाढतात!" असेलही. बडोद्यात चाळीस वर्षं बायकांचा डॉक्टर म्हणून काढली की किस्से सॅम्पलच्या औषधांसारखे साचत जातात. ड्रॉवर उघडला की आधी एक्स्पायरी बघावी लागते. पुढचंही तसंच बघून घ्या.

हे सगळे किस्से एकाच आजाराभोवतीचे आहेत. हल्ली कॉलेजातल्या मुली 'मला पीसीओडी आहे' असं सर्दी झाल्यासारखं सांगतात. नव्वदच्या दशकात तसं नव्हतं. पाळी लांबली तर काढा, हनुवटीवर केस आले तर पार्लर, वजन वाढलं तर घरच्यांची बोलणी. तिन्हींचं मूळ एकच आहे, हे जुळवायचं काम माझं. ते मला दरवेळी जमलं, असा माझा दावा नाही.

*

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात बडोद्यातल्या कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाकडे एकाच गोष्टीसाठी गर्दी असते. पाळी पुढे ढकलायची गोळी! एकही दिवस गरबा चुकता कामा नये!

अलकापुरीतल्या माझ्या दवाखान्यात नागरवाड्यातल्या मैत्रिणी आल्या. चार धरून चालू. तिघींना मी तारीख विचारून गोळ्या लिहून दिल्या आणि चौथीकडे वळलो.

"मी नुसती सोबत आलेय, काका. मला नाही लागत गोळी. माझं आपोआपच पुढे जातं. चार-चार महिने!"

"नशीब बघा हिचं!" बाकीच्या ओरडल्या.

मी हसलो. अगदी मनापासून हसलो, हे मला अजून टोचतं. मुली गेल्या.

आमच्या नर्स कोकिळाबेन दारातच उभ्या होत्या. बडोद्याच्या गुजराती, पण मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. "साहेब, त्या छोकरीची हनुवटी बघितली? दोरा फिरवल्याचे लाल डाग. मानेवर काळी पट्टी. आणि वर चार-चार महिने!"

मी उगाच केसपेपर चाळू लागलो.

"भण्या तमे, ने जोयुं में!" शिकलात तुम्ही आणि पाहिलं मी, असं सुनावून त्या जिना उतरल्या. मुली खाली सेवउसळ खात उभ्या होत्या. "तुझा रुमाल वर राहिला," असं सांगून त्यांनी चौथीला परत आणलं. तिचं नाव मंजिरी. एका हातात सेवउसळीची प्लेट तशीच होती.

दुसऱ्या हातात रुमाल!

*

मंजिरीचे वडील रिफायनरीत इंजिनिअर. सोनोग्राफीची फिल्म त्यांनी खिडकीशी उजेडात धरली. बीजकोशाच्या कडेनं माळेसारखे बारीक फुगे दिसत होते.

"किती आहेत?"

"दहा-बारा असतील."

"मग काढून टाका! आमच्याकडे पाइपलाइनमध्ये एवढं दिसलं तर आम्ही प्लांट बंद करतो."

मी समजावलं. या गाठी नव्हेत, वाढता वाढता थांबलेली बीजं आहेत. वजन उतरवायचं, पाळी गोळ्यांनी रुळावर आणायची, पुढे मूल हवं असेल तेव्हा बीज पिकवणारी गोळी द्यायची. पण मंजिरीचं लग्न इंदूरच्या मुलाशी ठरलं होतं, आणि गावातल्या एका नावाजलेल्या सर्जननी लग्नाआधी बीजकोशावर ऑपरेशन करून घ्या म्हणून सुचवलं होतं.

आई इतका वेळ पदराशी चाळा करत बसली होती. "डॉक्टरसाहेब, एवढंच सांगा. हिला मूल होईल ना?"

"होईल. ऑपरेशन नको. आणि मुलाला लग्नाआधी सांगा."

हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की मीच दचकलो. घरी जाऊन तीन पुस्तकं काढली. तिन्हींचं म्हणणं वेगळं! दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला.

"डॉक्टरसाहेब, गॅरंटी किती वर्षांची?"

*

सांगायचं कुणी, यावर त्यांच्या घरी आठ दिवस बैठका झाल्या म्हणे. वडील म्हणाले आईनं सांगावं, आई म्हणाली मामांनी सांगावं. शेवटी मुलगा भेटायला आला तेव्हा मंजिरीनं त्याला कमाटीबागेत नेलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाळी, केस, गोळ्या, सगळं.

तो खिशात काहीतरी चाचपत राहिला. हिला वाटलं, संपलं.

मग तो म्हणाला, "मला दमा आहे. आमच्या घरी तीन महिने चर्चा चालू आहे, तुला कुणी सांगायचं यावर!"

*

वरपक्ष सगळेच असे नसतात. एक जुन्या वळणाच्या सासूबाई सुनेला घेऊन आल्या. लग्नाला दोन वर्षं झाली, मूल नाही. बाकी सुनेचं कौतुक करताना त्यांचं तोंड थकेना.

"गुणाची आहे हो! वर्षात दोन-तीनदाच बाजूला बसते. आमच्या घरची पूजा, सोवळ्याचा स्वयंपाक, काही म्हणून अडत नाही. आमच्या मोठीचं बघा, दर महिन्याला चार दिवस सुट्टी!"

जी तक्रार मी खोदून खोदून विचारणार होतो, ती त्यांनी कौतुक म्हणून माझ्या टेबलावर ठेवली. उपचार सुरू झाले. चार-पाच महिन्यांत सुनेची पाळी नियमित आली. मी खूश. सासूबाई मात्र तणतणत आल्या.

"चांगली होती हो पोर, तुम्ही बिघडवलीत! आता गौरीचा स्वयंपाक तुम्ही येऊन करणार का?"

गौरीचा स्वयंपाक मोठीनं केला असावा. पुढच्या वर्षी पेढे घेऊन सासूबाईच आल्या. तेव्हाही म्हणाल्या, "आता तरी नऊ महिने अडचण नाही!"

*

माझ्या दवाखान्याखाली हंसाबेनचं ब्यूटी पार्लर होतं. हळूहळू माझ्या लक्षात आलं, निदान आधी तिथे होतंय. ज्या मुलीला पंधरा दिवसांत पुन्हा दोरा लागे, तिला हंसाबेन थेट जिना दाखवत. "केस मी काढेन, पण उगवतात कशामुळे ते वर विचार!" दहांतल्या सात-आठ जणींना खरंच तो आजार निघे. एवढा अचूक डोळा मला परीक्षेला असता तर मी दोनदा नापास झालो नसतो.

मग मलाही चेव आला. ओठावर लव असलेली मुलगी दिसली की मी लगेच तपासण्या लिहू लागलो. रक्त त्या वेळी मुंबईला जायचं, रिपोर्टला आठवडा. एका मुलीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. मी पुन्हा करायला सांगितले. पुन्हा नॉर्मल. मी रात्रंदिवस विचारात.

हंसाबेन वर आल्या. "डॉक्टरसाहेब, हिची पाळी वेळेवर येते, हे विचारलं का? हिची आई माझ्याकडे येते. आजी यायची. तिघींना मिशी! सगळी मिशी रोग नसते!"

त्या दिवसापासून मी आधी आजीबद्दल विचारतो.

*

पुढे नवं शतक लागता लागता या आजारात डायबिटीसची गोळी देऊ लागलो. मी पहिल्यांदा लिहिली ती भीतभीतच. तासाभरात मांडवीतल्या केमिस्टचा फोन. "साहेब, सही तमारी ज ने? तुमचीच ना? बेनला डायबिटीस आहे?"

नाही, म्हणून मी सविस्तर समजावलं. पण पेशंटची सासू तिथे काउंटरशीच उभी होती आणि केमिस्टचा प्रश्न तिनं ऐकला होता. माझं उत्तर तिला कुठून ऐकू येणार? घरी जाऊन तिनं सुनेचं श्रीखंड, जिलेबी, चहातली साखर, सगळं बंद केलं. शिवाय रोज दोन्ही वेळा स्वतः बरोबर जाऊन गावातल्या तळ्याला फेऱ्या! तीन महिन्यांत सुनेचं वजन सात किलो उतरलं आणि पाळी सुरू झाली.

गुण कशानं आला, मला कळेना. शास्त्रीय प्रश्न होता. मी पेन हातात घेऊन केसपेपरकडे बघत बसलो होतो.

कोकिळाबेन म्हणाल्या, "लिहा ना साहेब! सासू, दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर!"

*

मंजिरीचं लग्न झालं, ती इंदूरला गेली. जाताना माझी चिठ्ठी घेऊन गेली. दोन वर्षांनी तिची आई एकटीच दवाखान्यात आली.

"अजून काही नाही, डॉक्टरसाहेब. तेव्हाच ऑपरेशन केलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी धीर धरा म्हणालो. तिथल्या डॉक्टरांसाठी पुन्हा चिठ्ठी दिली. त्या गेल्यावर मी तीच तीन पुस्तकं पुन्हा काढली. मग वडील निवृत्त झाले, ते दोघं नाशिकला गेले आणि संपर्क तुटला. दर नवरात्रात गोळ्या लिहिताना माझा हात एकदा अडखळायचा. कोकिळाबेनना ते कळायचं, पण त्याबद्दल त्या कधी टोमणा मारायच्या नाहीत. एरवी त्यांनी एक संधी सोडली नसती!

*

पुढच्या गोष्टीलाही आता सात-आठ वर्षं झाली असतील. दवाखाना सूनबाई बघते. मी गुरुवारी सकाळी बसतो, म्हणजे मला बसू देतात. नवरात्राच्या आधीचा आठवडा. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आत आली.

"काका, पाळी पुढे ढकलायची गोळी हवीय. आम्ही बडोद्याचा गरबा खेळायला आलोय, आईच्या मैत्रिणींकडे."

"तारीख कधीची?"

"पाचव्या माळेची. घड्याळ लावून घ्या! कधी चुकत नाही."

"कुठून आलात?"

"इंदूरहून."

हनुवटी ओळखीची वाटली. पण माझ्या वाटण्यावर मी फारसा विसंबत नाही.

"बाळ, सोबत कोण आहे?"

"आई. बाहेर बसलीये. चल म्हटलं तर आत येत नाही. म्हणते, मी नुसती सोबत आलेय!"

मी पेन ठेवलं आणि उठून बाहेर गेलो. बाकावर मंजिरी बसली होती. केस थोडे पांढरे, हातात रुमाल. मी तिच्या शेजारी बसलो. मग जे तोंडात आलं तेच विचारलं.

"मंजिरी, त्या दिवशी तुम्ही तिघी होतात की चौघी?"

"चौघी, काका," ती म्हणाली. "मला धरून."